पायीं पाहावयाची मुंबई

बीडकडचा मनुष्य मुंबई पाहावयास निघाला म्हणजे त्याला पहिला प्रश्न असा विचारण्यांत येतो कीं, तेथें हिंडावयास मोटारीची सोय केली आहे काय? विचारणारा बहुधा मुंबईंत नोकरीस असलेला एखादा आप्तच असतो, आणि त्याचा हेतु प्रेमळ असतो. शहर अफाट, रस्ते तुंबलेले. अशा ठिकाणीं वाहनावांचून आलेल्या पाहुण्यानें काय पाहावें व कसें पाहावें, ही त्याची खरी काळजी असते. माझ्या एका नातलगानें हीच काळजी वाहून मला एकदां आपल्या मोटारींतून शहर दाखविलें. दादरहून बोरीबंदराकडे जातां जातां दोन तास गेले. त्या दोन तासांत पुढच्या मोटारीचा पाठीमागचा भाग मीं इतक्या बारकाईनें पाहिला कीं, परीक्षेंत त्यावर प्रश्न आला असता तर पैकीच्या पैकी गुण मिळविले असते. दुसऱ्या दिवशीं यजमानांना कचेरी होती. मी लोकलगाडीनें व पुढें पायीं निघालों, आणि मग मुंबई दिसली.

हा केवळ गर्दीचा परिणाम नव्हे. मुंबईंत जें पाहण्यासारखें आहे त्यांतील पुष्कळसें मोटार या देशांत येण्यापूर्वींच बांधून झालें होतें. जें शहर पायीं चालणाऱ्या, गाडीघोड्यांत बसणाऱ्या व आगगाडीनें येणाऱ्या माणसाच्या मापानें बेतलें गेलें, तें मोटारीच्या खिडकींतून नीट दिसूं नये, यांत नवल तें काय? पण या साध्या गोष्टीच्या पोटांत दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती तितकीशी साधी नाहीं. शहराचा रस्ता कोणासाठीं असतो, हा तो प्रश्न होय.

आमच्या जिल्ह्याचा या शहराशीं राजकीय संबंध तसा अलीकडचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड हा निजामाच्या राज्यांतील जिल्हा होता. आमच्या वाडवडिलांचें तोंड हैदराबादेकडे असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि मुंबई ही आमची राजधानी झाली. १ मे १९६० नंतर ती महाराष्ट्राची म्हणून आमची राहिली. राजधानी बदलली, परंतु तिकडे जाण्याची वाट सुधारावयास फार काळ लागला. जिल्ह्यांत परळीस आगगाडी निजामाच्या अमदानींतच आली होती; खुद्द बीड शहरास मात्र ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं प्रथम लाभली, आणि तीहि अहिल्यानगरापर्यंतची. तोंपर्यंत बीडकर रात्रीच्या एस. टी. नें पहांटेस मुंबई गांठीत आला. तेव्हां मोटारीवांचून मुंबई पाहणें ही आमची लहर नव्हे, रीतच आहे.

या रीतीला मराठींत एक थोर पूर्वज लाभला आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ पेशानें शिक्षक, घराणें गोव्याकडचें. या शहरावर मराठींत त्यापूर्वीं असें पुस्तक झालें नव्हतें. तें लिहिलें गेलें तो काळ मोठा चमत्कारिक संधीचा होता. दहा वर्षांमागें, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली होती. डबे चौदा, पाहुणे सुमारें चारशें, वाट एकवीस मैलांची. किल्ल्याचा जुना तट पाडण्याचें काम त्याच सुमारास निघालें होतें. कापडाच्या गिरण्यांचा आरंभ होऊन फार वर्षें लोटलीं नव्हतीं, आणि ट्राम अद्यापि यावयाची होती. अशा वेळीं ज्याला शहर जाणावयाचें त्याला तें पायांखालीं घालावें लागे. माडगांवकरांच्या पुस्तकांत देवळें, बाजार, रस्ते, धंदे व नाना जातींची माणसें यांची जी दाटी आहे, ती रस्त्यांत थांबून चार शब्द विचारणाऱ्या मनुष्याची आहे. भरधाव जाणाऱ्याला ती साधत नाहीं.

सात बेटें जोडून झालेलें हें शहर. म्हणून त्याचा इतिहास हा पुष्कळ अंशीं बांधांचा इतिहास आहे. वरळीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला, शीवेचा एकोणिसाव्याच्या आरंभीं, कुलाब्याचा १८३८ सालीं. परंतु मला या सर्वांत माहीमचा बांध अधिक मोलाचा वाटतो. माहीम व वांद्रें यांच्यामध्यें खाडी होती आणि पलीकडे जावयाचें तर होडीवांचून गति नव्हती. पावसाळ्यांत तें जिवावरचें काम. पूल असावा असें सर्वांस वाटे, परंतु कंपनी सरकार खर्चास कचरत होतें. तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं आपल्या पदरचे पैसे पुढें केले. आधीं एक लक्ष, आणि तेवढ्यांत काम भागेना तेव्हां आणखी सत्तावन्न हजार, असे एकूण १,५७,००० रुपये त्यांनीं दिले. १८४३ सालीं काम लागलें, १८४५ सालीं बांध खुला झाला. देणगीला त्यांनीं एक अट घातली होती: या वाटेनें जाणाराकडून कसलीहि पट्टी घेतां कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांत एका पारशी स्त्रीनें घातलेली ही अट आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकविली जात नाहीं. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आणि बग्गींतला शेटजी हे दोघेहि त्या बांधावरून फुकट जात. लेडी जमशेटजींचें नांव माहीमच्या रस्त्याला आजहि आहे; पण त्या नांवामागची अट रस्त्यानें जाणाऱ्यांपैकीं किती जणांना ठाऊक असेल?

पुढें ट्राम आली. ९ मे १८७४ रोजीं कुलाब्याहून पायधुणीपर्यंत व बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. कुलाबा ते पायधुणीचें भाडें प्रथम तीन आणे होतें, तें लवकरच दोन आण्यांवर आलें. कंपनीच्या पागेंत नऊशें घोडे होते, आणि उन्हाचा ताप होऊं नये म्हणून त्यांच्या डोक्यांवर टोप्या घालीत. ज्या शहरांत माणसाला सावली मिळण्याची मारामार, तेथें घोड्याच्या डोक्याची ही काळजी वाचून मला प्रथम हंसूं आलें; मागून वाटलें कीं, कोणी तरी कोणाची तरी काळजी केली हेंच पुष्कळ. ७ मे १९०७ पासून ट्राम विजेवर धांवूं लागली, १९२० पासून तिला वरचा मजला लाभला, आणि ३१ मार्च १९६४ रोजीं तिची शेवटची फेरी झाली. १५ जुलै १९२६ पासून बसगाड्या तिच्या जोडीस होत्या. दुमजली बस १९३७ सालीं आली. तिचा जुना नमुना २०२३ सालीं संपला व त्याच्या जागीं विजेवरच्या गाड्या आल्या. वरच्या मजल्यावरील पुढचें बांक मिळालें, तर त्याहून उत्तम असें मुंबई पाहण्याचें आसन मला ठाऊक नाहीं. आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरांत पुरी झाली. वेळ वांचविण्यास ती नामी आहे, आणि काळबादेवी, गिरगांव, हुतात्मा चौक हीं तिचीं स्थानकें पाहणाराच्या फार सोयीचीं आहेत. मात्र भुयारांतून शहर दिसत नाहीं, हें तिच्याविरुद्ध बोलण्याइतकें मोठें कारण नव्हे.

पाहणारानें उतरावें तें बोरीबंदरावर. १९९६ पासून या स्थानकास छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव आहे आणि २००४ पासून जागतिक वारशांत त्याची गणना होते. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यानें तें आंखलें; १८७८ सालीं आरंभ झाला व पुरें व्हावयास दहा वर्षें लागलीं. भिंतींवरचीं पानेंफुलें व पशुपक्षी कोरण्याच्या कामीं जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते, आणि ही कलाशाळा आवाबाईंच्या पतीच्या देणगींतून निघालेली. हें कोरीवकाम मान वर करून, जागचे जागीं उभें राहून पाहावयाचें आहे. मोटारीला तेथें उभें राहूं देत नाहींत. उत्तरेस थोडें चाललें कीं महात्मा फुले मंडई लागते. ती १८६९ सालची. तिच्या दारांवर लॉकवुड किपलिंगनें घडविलेले शेतकरी आहेत. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यांतून आलेल्यानें तेथें दोन क्षण अवश्य थांबावें.

तेथून परत फिरून दादाभाई नवरोजी मार्गानें दक्षिणेकडे जावें. या रस्त्याच्या कडेच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींची सलग ओवरी आहे. ती शोभेची नव्हे. पायीं जाणाराला ऊनपाऊस लागूं नये म्हणून घरवाल्यांनीं ती ठेवलीच पाहिजे असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दंडक होता. परक्या सरकारच्या पदरीं पुष्कळ पापें आहेत, परंतु हा दंडक त्यांत धरतां येणार नाहीं. ओवरीच्या शेवटीं हुतात्मा चौक येतो. मुंबई महाराष्ट्रास मिळावी म्हणून ज्यांनीं प्राण दिले त्यांचें स्मारक तेथें १८६४ च्या कारंजाशेजारीं उभें आहे. आमची ‘राजधानी’ या शब्दाला किती किंमत पडली, तें त्या दगडापाशीं कळतें. पलीकडे उच्च न्यायालय व विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. दोन्ही १८७८ सालचीं. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या आईचें नांव देऊन तो मनोरा उभारविला. मंडई सोडली तर स्थानकापासून येथपर्यंतची ही सारी वाट एका मैलाच्या आंतबाहेरची आहे.

आतां पुन्हा माहीमच्या खाडीकडे वळूं. तिच्या तोंडावरून वांद्रें-वरळीचा सागरी सेतु ३० जून २००९ रोजीं खुला झाला; १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा सुमारें बावीस किलोमीटरांचा अटल सेतु सुरू झाला. दोन्ही कामें पाहून अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण या दोहोंवर पायीं जावयास मनाई आहे, दुचाकीसहि मनाई आहे, आणि मोटारीला पथकर आहे. वेगाच्या रस्त्यावर पादचारी नसावा हें मला समजतें. किनारी मार्गालगत चालणारांसाठीं निराळी वाट केली आहे, हेंहि मीं पाहिलें आहे. तरीहि सागरी सेतूकडे पाहतांना आवाबाईंची अट आठवल्यावांचून राहत नाहीं. एकाच खाडीवरचे हे दोन मार्ग: एक पट्टी न घेतां सर्वांस मोकळा, दुसऱ्यावर पाऊल ठेवावयाचीच बंदी. मधल्या पावणेदोनशें वर्षांत आपण श्रीमंत झालों, यांत शंका नाहीं.

पायीं मुंबई पाहणाऱ्यांचा सर्वांत मोठा मेळा ६ डिसेंबरास भरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें निधन १९५६ च्या ६ डिसेंबरास दिल्लीस झालें व दुसऱ्या दिवशीं दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मराठवाडा मुंबई राज्यांत येऊन तेव्हां पांच आठवडेच झाले होते. तेव्हांपासून दरसाल त्या दिवशीं चैत्यभूमीवर लक्षावधि माणसें लोटतात, आणि त्यांत आमच्या जिल्ह्यांतलीं पुष्कळ असतात. भाकरीचें गांठोडें, पुस्तकांची पिशवी, कडेवर मूल. रांग सरली म्हणजे परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ तीं शहर पाहण्यांत घालवितात.

अशाच एका सालीं परतीच्या प्रवासांत गेवराईकडची एक म्हातारी माझ्या शेजारीं बसली होती. मुंबईंत काय काय पाहिलें, असें मीं तिला विचारलें.

“बाबाचं दर्शन घेतलं. दर्या पाहिला. राणीच्या बागंत दगडाचा हत्ती पाहिला. तुम्ही पाहिलाव का, गुरुजी?”

मीं तो पाहिला नव्हता. तिला मोठें आश्चर्य वाटलें.

पुढच्या खेपेस मी भायखळ्यास उतरलों. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा म्हटलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याच्या खटपटींत मोडला. त्याचे तुकडे मुंबईंतच राहिले, आणि १९१४ सालीं ते जोडून त्याला उभा करण्यांत आलें. आज तो वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाशेजारीं, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. भायखळा स्थानकापासून पायीं दहा-बारा मिनिटें लागतात.