मोहफुलाचा परवाना

चैत्रात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बायका-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन मोहाखाली पोचतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून काढलेला असतो, त्यामुळे रात्रभर टपटपलेली फिकट, रसरशीत फुले मोकळ्या जमिनीवर लगेच नजरेत भरतात. अंगणात वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. या फुलाचा माग काढत आपण मागे निघालो, तर ‘कुमारसंभवा’तल्या पार्वतीच्या लग्नात पोचतो. तिथे कालिदासाने तिच्या केसांभोवती दूर्वा गुंफलेली मोहफुलांची माळ बांधली आहे. चरकसंहितेत याच फुलांच्या आसवाची कृती सापडते. माळ आणि मद्य, दोन्ही जुनीच. पण ज्यांच्या शिवारात हे झाड उभे, त्यांच्या लेखी मोह आधी अन्न होता. म्हणून तर शेतासाठी जंगल तोडतानाही मोहावर कुऱ्हाड पडत नसे. फुले उकडून, भाजून, पिठात कालवून खाल्ली जात, बियांच्या तेलावर फोडणी होई, आणि दुष्काळात याच फुलांवर घरे तगत.

मग आले १८७८. त्या एकाच वर्षी भारतीय वन कायद्याने राखीव जंगलांवर सरकारची पकड घट्ट केली आणि मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर. उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जात होती. घरची भट्टी मात्र गुन्हा ठरली. तेवढ्याने महसूल सुरक्षित वाटेना, म्हणून १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खास ‘म्हौरा कायदा’ आला आणि खुद्द फूल बाळगण्यावरच बंधने आली. कातकऱ्याच्या घरातली टोपली संशयित झाली, हा मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत क्रूर टप्पा वाटतो. इंग्रज गेले, तरी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहफुलांवरचा पहारा उठवला नाही.

वाट वळली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने. गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला, आणि २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले. साठवण हा शब्द इथे फार मोलाचा आहे. वेचणीच्या हंगामात सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. ज्याला चार महिने फुले घरात ठेवता येतात, तो पावसाळ्यात चांगल्या भावाने विकतो, किंवा पेरणीच्या ओढगस्तीत तीच शिजवून खातो.