बाटलीत कोंडलेला दाब

अमेरिकेत ‘ड्रॅग रेसिंग’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार आहे. सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर जो आधी कापेल तो जिंकतो. १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली आणि या खेळाला नियमांची चौकट मिळाली. सारी शर्यत काही सेकंदांची. गिअर बदलताना हात जरा रेंगाळला तरी ती हातची जाते. म्हणून यातील अनेक गाड्यांत गिअरचा दांडा वायूने ढकलतात. चालक बटण दाबतो, विजेची झडप उघडते आणि बाटलीतला वायू, दाब कमी करून, एका छोट्या सिलिंडरमधील दट्ट्यावर सोडला जातो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौ. सेंमी. आणि दाब दर चौ. सेंमी.ला १० किलो धरला, तर जोर भरतो ५० किलो!

कल्पना जुनीच आहे. १८६६ साली रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने फ्यूमे (आजचे क्रोएशियातील रिएका) येथे पाणतीर तयार केला, तो दाबलेल्या हवेवरच चालत असे.

आपल्या जवळचे उदाहरण रणगाड्याचे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे; तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ सालचे. या दलाच्या टी-७२ रणगाड्यात प्रत्येकी ५ लिटरच्या दोन हवेच्या बाटल्या असतात. त्यांतील दाब वातावरणाच्या सुमारे १५० पट. ही हवा इंजिनाच्या १२ सिलिंडरांत ठरावीक क्रमाने शिरते, दट्टे ढकलते आणि इंजिन सुरू होते. कडाक्याच्या थंडीत बॅटरी मंदावते, तेव्हा हीच हवा कामी येते.

या बाटल्यांत ऊर्जा तरी किती? गणिताने दोन्ही मिळून फार तर साडेसातशे किलोज्यूल, म्हणजे जेमतेम १८ ग्रॅम डिझेलइतकी. मग तिचे महत्त्व कशात? ती क्षणार्धात मोकळी करता येते, यात. ऊर्जा थोडी, पण शक्ती मोठी. ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

हवा वापरावी तसा बाटलीतला दाब उतरत जातो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत पुष्कळदा कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो बाटलीत द्रवरूपात असतो. २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे ५७ पट असतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब उरेपर्यंत तो तसाच राहतो. शून्य अंशाला मात्र तो सुमारे ३४ पट होतो.

बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली दाखवले, की सुमारे ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. नगरच्या वैशाखात पारा चाळिशीच्या आसपास जातो. अशा वेळी बाटलीत द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि तापमानागणिक दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच अशा बाटल्या काठोकाठ भरत नाहीत आणि उन्हात ठेवत नाहीत. आपल्याकडे यासाठी वायू सिलिंडर नियम, २०१६ आहेत. त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही संस्था पाहते.

शाळेच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक असेल तर पाहा. त्यावर दाबमापक नसते. आत थोडा द्रव असला तरी दाब तोच, मग दाबमापक सांगणार काय? ते भरलेले आहे की रिकामे, हे कळण्याचा मार्ग एकच : ते वजन करून पाहणे. आपल्या शाळेतले शेवटचे केव्हा तोलले होते?