मालकांचा मुलूख : कोल्हापूरच्या रोजगाराच्या अभ्यासाला प्रस्तावना

कोल्हापूरवर लिहिलेले वाचायला कधी तोटा पडत नाही. अंबाबाई, जोतिबा, रंकाळा, खासबागेचे मैदान, तांबडा-पांढरा, चप्पल, गूळ अशा एकेका विषयावर जीव लावून लिहिणारे लोक या शहराला लाभले आहेत. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा त्या लेखनात आणखी भर पडली. पण याच जिल्ह्यात दहावी-बारावीच्या निकालानंतर घरोघरी जो प्रश्न निघतो, त्याच्या वाट्याला तेवढी शाई आलेली नाही. पाणी आहे, माती आहे, देवीचा आशीर्वाद आहे, विद्यापीठ आहे. मग इंजिनिअर झालेल्या पोराला पुण्याची एसटी का धरावी लागते? हजार-पाच हजार माणसांना एका छताखाली पगार देणारी कंपनी इथे का येत नाही?

प्रश्न राजकीय सभांमध्ये पुष्कळदा विचारला जातो आणि टाळ्या घेऊन तिथेच विरतो. वाचकांनी तो सभेतून उचलून जरा निवांतपणे हातात घ्यावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. अर्थशास्त्राचे नाव काढले की अनेकांचा हात पान उलटायला सरसावतो, याची मला कल्पना आहे. पण या विषयात आकडे कमी आणि माणसे जास्त आहेत. मी हे कबनूरहून लिहितो आहे. इचलकरंजीला अगदी खेटून असलेल्या या गावात यंत्रमागाची खटखट कानाला इतकी सरावाची झालेली असते की ती थांबली तरच जाग येते. देवीच्या शहरापासून तीसेक किलोमीटरवर बसून पाहिले, तर हा प्रश्न थोडा वेगळा दिसतो.

पहिली गोष्ट पर्यटनाची. कोल्हापूर पर्यटनावर जगते, असे बाहेरचा माणूस सहज म्हणून जातो. त्याला महाद्वार रोडवरची गर्दी दिसते, ओटीच्या साहित्याची दुकाने दिसतात, नवरात्रातली रांग आणि सुट्टीच्या दिवशी न सापडणारे पार्किंग दिसते. हे सगळे खरे आहे, त्यावर हजारो चुली पेटतात, हेही खरे. पण इथला पाहुणा बहुधा एका मुक्कामाचा असतो. सकाळी दर्शन, मग मिसळ, दुपारी जोतिबा नाहीतर पन्हाळा, चपलांचा एक जोड, आणि रात्री परतीची गाडी. अशा पाहुण्यावर लॉज चालतात, रिक्षा चालतात, खाणावळी चालतात. मात्र त्यातून निघणारे काम हंगामी असते आणि त्यात बढतीची शिडी नसते. चौकशीच्या खिडकीवर बसलेला मुलगा दहा वर्षांनी बहुतेक तिथेच बसलेला असतो. शहराचे खरे पोट भरते ते ऊस, दूध, ओतकाम आणि सूत यांवर. पर्यटन हा त्याचा दर्शनी भाग आहे, आणि दर्शनी भागावरून घराची श्रीमंती मोजण्याची सवय अभ्यासकाने आधी सोडावी.

दुसरी गोष्ट इतिहासाची, आणि तिच्यावर थोडे रेंगाळायला हवे. राजर्षी शाहू महाराजांना उद्योग आणायचा कसा हे नेमके ठाऊक होते. 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवून त्यांनी गुळाच्या व्यापाऱ्यांना जागा दिली; 1906 मध्ये शाहू मिलचा पाया घातला; राधानगरीचे धरण हाती घेतले. मिरजेहून रेल्वे 1891 मध्येच आली होती. इकडे इचलकरंजीच्या जहागिरीत, घोरपड्यांच्या आश्रयाने, 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. शेजारी औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरान दिले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या काळात या भागात उद्योग यायचा तो संस्थानिकाच्या शब्दावर. जमीन द्यायची की नाही, पाणी कुठून द्यायचे, हे दरबारात ठरायचे, आणि उद्योजकाला एकाच दारात उभे राहावे लागायचे.

मोठी संस्था इथे जन्मून बाहेर कशी जाते याचा पहिला धडाही याच काळातला. बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याने कोल्हापुरात चित्रपट उभा केला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीताराम कुलकर्ण्यांच्या भांडवलाच्या साथीने 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये कोल्हापुरातच तयार झाला. आणि 1933 मध्ये प्रभातने बिऱ्हाड पुण्याला हलवले. आज त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कला इथली, कारागीर इथले, पहिली कमाई इथली. वाढीला लागणारी जागा आणि बाजाराची जवळीक मात्र पुण्याची. नंतरच्या नव्वद वर्षांत कितीतरी धंद्यांनी हीच वाट धरली आहे. कोल्हापुरात चित्रनगरीवर बोलताना प्रभातचे नाव अभिमानाने घेतात. ती गेली का, हे मात्र कुणी फारसे विचारत नाही.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजधानीचे जिल्ह्याचे ठिकाण झाले. पुढे 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मुंबईतली दाटी कमी करायचे धोरण आले, आणि मुंबईहून दीडशे किलोमीटरवरचे पुणे त्याचे पहिले लाभार्थी ठरले. बजाज आणि टेल्को पिंपरी-चिंचवडच्या माळावर आले. त्यांच्यामागे सुटे भाग करणारे आले, त्यांच्यामागे बँका, शाळा, आणि शेवटी संगणकाच्या कंपन्या. कोल्हापूर त्याच महामार्गावर आणखी सव्वादोनशे किलोमीटर पुढे होते. मोठा उद्योग मोठ्या उद्योगाच्या सावलीला जातो. पहिली सावली पुण्यात पडली, एवढे म्हणून हा भाग सोडता येईल.

कोल्हापूर या काळात हातावर हात ठेवून बसले नव्हते, आणि इथपासून विषय खरा रंगतदार होतो. नदीचे पाणी उसाला उचलायचे तर पंप हवा, पंपाला इंजिन हवे, गुऱ्हाळाच्या चरकालाही इंजिन हवे. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी परदेशी यंत्रे उघडून पाहिली आणि तशीच इथे ओतली. उद्यमनगर असे शेतातून उगवले. विजेचे पंप आल्यावर ऑइल इंजिनाचा जोर ओसरला, तेव्हा त्याच भट्ट्या मोटारींच्या आणि ट्रॅक्टरांच्या ओतकामाकडे वळल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती यातून भरल्या. कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि रेमंड आले, म्हणजे मोठे कुणी आलेच नाही असेही नाही. पण जिल्ह्याचा स्वभाव घडला तो छोट्या मालकांमुळे.

शेतीतही तेच. पंचगंगा, वारणा, दूधगंगेच्या काठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले, 1963 मध्ये ‘गोकुळ’ दूध संघ निघाला. एकर-दीड एकराचा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला, दोन म्हशी बांधून संघाचा उत्पादक झाला. अशा घरातला मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला जातो तो स्वतःच्या गावातून, स्वतःच्या मोटारसायकलवर. घरभाडे नाही, दूध घरचे, ज्वारी-तांदूळ घरचा. उसाला तोड आली की तो रजा टाकतो, गावच्या यात्रेला टाकतो, लग्नसराईत तर विचारूच नका. मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापकाला हा कामगार बेभरवशाचा वाटतो. मला तो महाराष्ट्रातला सर्वांत सुखरूप कामगार वाटतो. ज्याला नोकरीची गरज पोटापुरती नसून वरखर्चापुरती आहे, त्याला भोंग्याच्या तालावर नाचवणे कठीण असते. जमिनीचेही तसेच. बारमाही पाण्याखालची काळी जमीन, तुकड्यातुकड्यांत वाटलेली, दर एका तुकड्यामागे चार भावांच्या सह्या. तिथे सलग पाचशे एकर कुठून आणणार? उद्योगाला जी जमीन आणि जो कामगार स्वस्तात लागतो, ते दोन्ही इथे सहकाराने महाग केले. हे अपयश म्हणावे की यश, हे वाचकांनी ठरवावे. मी तरी त्याला अपयश म्हणायला धजत नाही.

आता जरा कबनूरला या. इचलकरंजीभोवतीच्या कबनूर, कोरोची, चंदूर, तारदाळ या गावांत माग गल्लीगल्लीत आहेत. कुठे खाली शेड आणि वर घर, कुठे घराच्या परसातच आठ माग. मालकाला विचारा, सूत कुणाचे? तो व्यापाऱ्याचे नाव सांगेल. कापड कुणाचे? त्याच व्यापाऱ्याचे. हा झाला खर्चीवाला. बीम व्यापाऱ्याकडून येते, विणलेले कापड व्यापाऱ्याकडे जाते, आणि मधली मजुरी पिकाच्या हिशेबाने मिळते. इंचात बाण्याचे धागे किती, त्यावर मीटरमागे इतके पैसे. कामगाराची मजुरी ठरवतानाही 52 पिकी कापड हे माप धरून वाटाघाटी होतात. कांडीवाली, वहिफणीवाला, जॉबर, दिवाणजी, सायझिंगवाला, टेंपोवाला असे डझनभर धंदे त्या आठ मागांना चिकटलेले असतात. नावाने मालक असलेला हा माणूस कामगार आजारी पडला की स्वतः मागावर उभा राहतो. 2016 ची नोटाबंदी आणि 2017 चा जीएसटी यांनी यातल्या अनेकांचे कंबरडे मोडले. शटललेस मागांची गुंतवणूक झेपेना तशी काहींनी जुने माग भंगारात दिले. या सगळ्यांचे काम एकत्र मोजले तर ते एका मोठ्या कंपनीहून कितीतरी अधिक भरेल. पण त्याला फाटक नाही, पाटी नाही, भरतीची जाहिरात नाही.

असे गाव जगात एकटे नाही. इटलीत फ्लॉरेन्स हे कलेचे आणि पर्यटनाचे शहर, आणि त्याच्या शेजारी प्रातो हे लोकरी कापडाचे, छोट्या मालकांचे गाव. फ्लॉरेन्सचेच अर्थशास्त्रज्ञ जाकोमो बेकात्तीनी यांनी 1979 मध्ये आल्फ्रेड मार्शलचा जुना विचार नव्याने मांडला : एखाद्या गावात एकच धंदा शेकडो छोट्या घरांत चालतो, तेव्हा ते अख्खे गावच एक कारखाना असते. कोल्हापूर आणि इचलकरंजीची जोडी पाहताना हा चष्मा फार उपयोगी पडतो. फरक एवढाच की प्रातोचे कापड फॅशनच्या बाजारात गेले आणि आपले बरेचसे अजून कोऱ्या स्वरूपातच बाहेर जाते. चपलेचेही तेच. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले; 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तिच्यासारखी चप्पल दाखवली, गदारोळ झाला. त्या गदारोळात कारागिराच्या मजुरीविषयी कमी आणि अस्मितेविषयी जास्त बोलले गेले.

म्हणून सगळा दोष भूगोलाचा किंवा भाग्याचा, असे मात्र वाचकांनी समजू नये. शहराची हद्दवाढ अर्धशतकाहून अधिक काळ रखडली; भोवतालच्या गावांना शहर नको आणि शहराला गावांवाचून जागा नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावरची सेवा 2011 नंतर काही वर्षे बंदच होती, ती 2018 मध्ये ‘उडान’मधून सुरू झाली. कोकणात उतरणारी वैभववाडीची रेल्वे कागदावर आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत महामार्गच पाण्याखाली गेला, आणि वेळेवर माल पोचवण्याच्या बोलीवर चालणाऱ्या फाउंड्रीवाल्यांना त्याची झळ बसली. विजेच्या दरावरून इथल्या उद्योजकांनी 2013 च्या सुमारास कर्नाटकात जाण्याचा इशारा दिला होता. इचलकरंजीला दूधगंगेचे पाणी द्यायचे की नाही, या सुळकूड योजनेच्या वादात एकाच जिल्ह्याची दोन गावे समोरासमोर उभी आहेत. पंचगंगेच्या पाण्याचा रंग पाहिला की तो वाद का पेटतो, ते सांगावे लागत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. फाउंड्रीतल्या साच्यांवर आणि मागांवर आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे हात आहेत, आणि इथले पदवीधर हिंजवडीत आहेत. जिल्ह्यात काम आहे, जिल्ह्यात माणसेही आहेत, पण त्या कामाला ही माणसे नको आहेत आणि त्या माणसांना हे काम नको आहे. शिकलेल्या मुलीला इथल्या घरगुती कारखान्यात कुठली खुर्ची मिळेल? मालकाचा मुलगा केबिनमध्ये, जावई खरेदीत, आणि ती फार तर हिशेबाच्या टेबलावर. छोट्या मालकांचा मुलूख स्वाभिमानी असतो, पण परक्याच्या गुणाला वर चढायला तिथे जिना अरुंद असतो. मोठी कंपनी आली नाही याची खंत करताना, आहेत त्या शेकडो कंपन्या मोठ्या का झाल्या नाहीत, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे असे माझे मत आहे. अभ्यासाची सुरुवात तुम्ही तिथून केलीत तर बरे.

पुस्तकांपैकी 1886 चे मुंबई इलाख्याचे कोल्हापूर गॅझेटियर आणि 1960 चे जिल्हा गॅझेटियर शेजारी ठेवून वाचावीत. मधल्या काळात कुठले धंदे बुडाले, कुठले उगवले, ते त्यातून आपोआप दिसते. शाहूकाळासाठी डॉ. जयसिंगराव पवारांनी संपादित केलेला स्मारक ग्रंथ हाताशी असावा. पण त्याआधी दोन फेऱ्या मारा. एक सकाळी सातला शिरोलीच्या फाट्यावर, पाळी बदलताना : कोण गावाकडून मोटारसायकलवर येतो आणि कोण खोलीवरून चालत येतो ते बघा. दुसरी रविवारी रात्री मध्यवर्ती बसस्थानकावर, पुण्याच्या गाड्या लागतात तिथे. डब्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मुलांशी बोला. पगार विचारू नका, तो सगळेच विचारतात. गावाकडे किती पगार मिळाला तर परत याल, हे विचारा, आणि त्यानंतर घरी कुणाकुणाला काय सांगावे लागेल, तेही. उत्तरे लिहून ठेवा. गॅझेटियरच्या पुढच्या आवृत्तीत ती सापडायची नाहीत.