खाणारा आणि फवारणारा : कीटकनाशक कायद्याचा इतिहास (थ्रेड)

१/ ठाणे-कल्याणच्या बाजारात भाजी घेताना ‘फवारणीची तर नाही ना?’ असे आपण सहज विचारतो. हा प्रश्न खाणाऱ्याचा. भारताच्या कीटकनाशक कायद्याचा उगमही याच भीतीत आहे. फवारणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न मात्र फार उशिरा ऐरणीवर आला.

२/ १९५८. मुंबईहून कोचीनला निघालेल्या ‘जयहिंद’ जहाजात अन्नपदार्थांच्या पोत्यांसोबत ‘फॉलिडॉल’ हे कीटकनाशक होते. ते गळून अन्नात मिसळले. केरळात शंभराहून अधिक माणसे दगावली.

३/ फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन, सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील रसायन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर यांच्या ज्या संशोधनातून ते जन्मले, त्यातूनच १९३६ मध्ये ‘टाबुन’ हे युद्धविषही निघाले. मज्जासंस्थेतील कोलिनेस्टरेझ हे विकर ही रसायने निकामी करतात; कीटकाचेही, माणसाचेही. घाम, लाळ, उलट्या, आकसलेल्या बाहुल्या आणि अखेर श्वास बंद.

४/ केरळच्या दुर्घटनेची चौकशी न्या. जे. सी. शहा यांच्या आयोगाने केली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण आला. फवारणाऱ्यास संरक्षक पोशाख हवा, हेही लिहिले गेले.

५/ २००५ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास बंदी आली. कपाशीवर ते चालूच राहिले. कापूस कोणी खात नाही. पण तो फवारणारा श्वास घेतो.

६/ २०१७ चा पावसाळा, यवतमाळ. कपाशी डोक्याएवढी वाढलेली; फवारा अंगावर, तोंडावर. दमट उकाड्यात हातमोजे, मुखपट्टी कोण घालणार? फवारणारे अनेकजण मजूर. डबा विकत घेणारा निराळा, त्रिकोण पाहणारा निराळा. शेकडो रुग्णालयात दाखल झाले, जिल्ह्यात वीसहून अधिक मृत्युमुखी पडले. रक्तातील कोलिनेस्टरेझ तपासण्याची सोय तेथील शासकीय रुग्णालयात नव्हती.

७/ नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने यवतमाळसह विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉसही होते. ताटातल्या भाजीसाठी जे २००५ मध्ये घातक ठरले, ते शेतातल्या माणसासाठी घातक ठरण्यास बारा वर्षे आणि इतके बळी लागले. कायद्याचा इतिहास वाचताना म्हणूनच विचारावे : हे कलम कोणाच्या मरणानंतर लिहिले गेले, आणि कोणाचे मरण त्यात मोजलेच गेले नाही?