रक्त आणि करार

मराठीत 'करार' म्हटलं की आधी आठवतो तो अकरा महिन्यांचा भाडेकरार. स्टँपपेपर, दोन साक्षीदार, एक महिन्याची नोटीस. त्यामुळे बायबलच्या दोन भागांना आपण 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणतो, तेव्हा त्या शब्दापाशी सहसा कुणी थांबत नाही. मिझोराममध्ये पोस्टिंग झाल्यावर मला थांबावं लागलं, कारण तिथे रविवारी दुसरं काही चालूच नसतं. दुकानं बंद, बाजार बंद, आणि समोरच्या टेकडीवरच्या चर्चमधून ढोलाच्या ठेक्यावर शेकडो गळ्यांचं गाणं. तिथल्या बायबलमध्ये नव्या कराराला 'थुथ्लुंग थार' म्हणतात. 'थार' म्हणजे नवा आणि 'थु' म्हणजे शब्द, बोल. दिलेला शब्द, या अर्थाच्या जवळ जाणारं काहीतरी.

इंग्रजीत याच ग्रंथाला 'टेस्टामेंट' म्हणतात, म्हणजे खरं तर मृत्युपत्र. हा घोळ ग्रीक भाषेतून आला. मूळ हिब्रू शब्द 'बेरीथ'. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी जो शब्द घेतला त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ मृत्युपत्र असा होता. तो लॅटिनमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने तर या दुहेरी अर्थाचा उपयोगच करून घेतला: मृत्युपत्र करणारा मेल्याशिवाय ते लागू होत नाही, असा युक्तिवाद तिथे आहे. पण एकूण पाहता आपला 'करार' मूळ हिब्रूच्या जास्त जवळचा. मराठी भाषांतरकारांना याचं श्रेय द्यायला हवं.

हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. क्रियापदच ते आहे. का, ते उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पंधराव्या अध्यायात दिसतं. देव अब्रामाला देश देण्याचं वचन देतो. अब्राम विचारतो, खात्री काय? तेव्हा त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं एक पिल्लू आणायला सांगितलं जातं. तो जनावरं मधोमध चिरतो आणि अर्धे भाग समोरासमोर मांडतो. त्या काळच्या पश्चिम आशियात करार करणारे अशा दोन रांगांमधून चालत जात. त्याचा अर्थ यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात स्पष्ट होतो: शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. साधारणपणे चालावं लागे ते दुबळ्याला. मांडलिक राजा सम्राटापुढे शपथ घेणार, सम्राट कशाला घेईल? हित्ती सम्राटांचे मांडलिकांशी झालेले तह मातीच्या विटांवर कोरलेले सापडले आहेत. त्यांत अटी आणि शाप मांडलिकासाठीच आहेत.

अब्रामाच्या गोष्टीत सूर्य मावळतो, अंधार पडतो, आणि त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल सरकत जाते. म्हणजे देव. अब्राम चालतच नाही. शाप अंगावर घेतला तो मोठ्या बाजूने. ख्रिस्ती धर्मातलं रक्त समजून घ्यायचं असेल तर मला वाटतं हीच जागा पकडून ठेवावी. बाकीचं धर्मशास्त्र नंतर.

पुढे सीनाय पर्वताच्या पायथ्याशी मोशे बैलांचं रक्त परातींत धरतो. अर्धं वेदीवर शिंपडतो, कराराचं पुस्तक लोकांना वाचून दाखवतो, लोक 'होय' म्हणतात, मग उरलेलं अर्धं लोकांवर शिंपडतो. एकच रक्त दोन्हीकडे. त्याच परंपरेतला लेवीय ग्रंथ सांगतो की प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो, म्हणून रक्त खायचं नाही, ते देवाचं आहे. म्हणजे इथे रक्त मरणाची खूण नाही, जीव गहाण ठेवल्याची आहे. आपल्याकडे बेलभंडारा उचलून शपथ घेत. तिथे देव साक्षीला असतो. इथे साक्ष तर आहेच, वर तारणही आहे. आणि गंमत अशी की ख्रिस्ती मराठीत मुक्तीसाठी शब्द आहे तो 'तारण'च. बँकेतला तारण आणि चर्चमधला तारण एकाच बैठकीत आठवणारा माणूस बहुधा फौजीच असावा, कारण आमची सगळी घरं कर्जावर असतात.

आता हे सगळं वाळवंटातल्या मेंढपाळांचं. पण लुशाई डोंगरांत, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, हाच विधी जवळजवळ जसाच्या तसा चालू होता. लेफ्टनंट कर्नल जॉन शेक्सपिअर हा लुशाई हिल्सचा सुपरिटेंडंट होता. 1912 साली त्याचं लुशाई-कुकी कुळांवरचं पुस्तक आलं. दोन सरदार मैत्रीची शपथ कशी घेत ते त्याने नोंदवलं आहे. मिथुन, म्हणजे गव्याच्या जातीचं ईशान्येतलं पाळीव जनावर (मिझो भाषेत 'सिअल'), खांबाला बांधायचं. दोघांनी उजव्या हातांनी एकच भाला धरायचा आणि जनावराच्या खांद्यामागे रक्त निघेल एवढा खुपसायचा. नद्या उलट्या वाहू लागेपर्यंत आमची मैत्री राहील, अशा अर्थाचे शब्द म्हणायचे. मग जनावर मारायचं आणि त्याचं थोडं रक्त दोघांच्या पायांना आणि कपाळाला लावायचं. शपथ आणखी पक्की हवी असेल तर कच्च्या काळजाचा एक तुकडा दोघांनी खायचा. शेक्सपिअरच्या आधी आलेल्या टॉमस लुइन या अधिकाऱ्याला मिझो लोक 'थांगलिआना' म्हणत. सरदारांशी मैत्री जोडताना त्यानेही या रीतीचा मान ठेवला होता.

एकच भाला दोन हातांत. बाकी सारं विसरलं तरी हे चित्र विसरत नाही.

त्याच मिझो जीवनात रक्ताचा दुसराही एक व्यवहार होता, आणि तो रोजचा होता. जंगलात, झऱ्यावर, मोठ्या झाडांत, कड्यांवर 'रामहुआई' राहत. माणूस आजारी पडला की त्याला कुठल्यातरी रामहुआईने धरलंय असं समजत. मग 'बॉलपू' नावाचा पुजारी नाडी पाहून ठरवणार की कोंबडी द्यायची, डुक्कर द्यायचं की बकरा. उतार पडला नाही तर आणखी एक जनावर. 'पाथिअन' हा सर्वांत वरचा देव भला होता, पण दूर होता. त्रास देत ते जवळचे. हे रक्त कराराचं नव्हतं, खंडणीचं होतं. खंडणी कधी फिटत नाही.

11 जानेवारी 1894 रोजी लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी इथे पोचले. तो दिवस मिझोराममध्ये आजही सुट्टीचा असतो. त्यांनी भाषेला रोमन लिपी दिली, शब्दकोश केला, लूक आणि योहान यांची शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्यं यांची भाषांतरं केली. लॉरेनने पुढे प्रांजळपणे लिहून ठेवलं की पापापासून सोडवणारा तारणारा ही गोष्ट लोकांना काही भिडेना. त्यांना पाप ही अडचणच वाटत नव्हती. अडचण होती भुतांची. मग मिशनरी सांगू लागले की येशूने सैतानाला हरवलं आहे, आणि लोक कान देऊ लागले. 1899 मध्ये खुमा आणि खारा या दोघांचा पहिला बाप्तिस्मा झाला. पन्नासेक वर्षांत जवळजवळ सगळा समाज ख्रिस्ती झाला.

याची कारणं इतिहासकार बरीच देतात: इंग्रजी सत्ता, शाळा, दवाखाने, सरदारशाहीचा उतार. सगळी खरी. पण घरातल्या बाईच्या बाजूने पाहिलं तर एक साधा हिशेबही आहे. पोर तापलं की कोंबडी कापायची ती थांबली. एकदाच, सगळ्यांसाठी, पुन्हा लागणार नाही असं रक्त सांडलं गेलंय, हे इब्री लोकांस पत्रातलं म्हणणं पंडितांसाठी सिद्धान्त असेल, तिच्यासाठी ती कर्जमाफी होती. देणं मात्र थांबलं नाही. 1910 पासून 'बुहफाई थाम' सुरू झालं. दर वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि ते चर्चला द्यायचे. आजही काढतात. रक्ताच्या जागी तांदूळ आला, आणि भीतीच्या जागी सवय.

येशूने शेवटच्या भोजनात पेला उचलून तो आपल्या रक्तातला नवा करार असल्याचं सांगितलं. समोर बसलेल्या यहुद्यांना रक्त वर्ज्य होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या वाक्याचा धक्का कळतो. योहानाच्या शुभवर्तमानात असंच बोलणं ऐकून पुष्कळ शिष्य त्याला सोडून गेल्याची नोंद आहे. ते स्वाभाविकच होतं. पण मिथुनाच्या शपथेवर वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटलं नसावं. दोन बाजू, एक रक्त, आणि सोबत घेतलेला घास. फरक एवढाच की इथे खांबाला जनावर बांधलेलं नाही. करार करणारा मोठा पक्ष स्वतःच तिथे उभा आहे. अब्रामाच्या अंधारातली मशाल पुन्हा एकदा.

आमच्या पेशाचाही यात एक धागा आहे. चर्चच्या पवित्र विधींना लॅटिनमध्ये 'साक्रामेंटुम' म्हणतात. हा शब्द मुळात रोमन सैनिकाच्या शपथेचा. साधारण 112 साली प्लिनी नावाच्या सुभेदाराने सम्राट ट्राजनला कळवलं की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून 'साक्रामेंटुम'ने स्वतःला बांधून घेतात, पण ते गुन्ह्यासाठी नव्हे, तर चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही आणि दिलेला शब्द मोडणार नाही यासाठी. फौजी शपथेचा शब्द नि:शस्त्र लोकांनी उचलला. आपल्या कसम परेडला धर्मगुरू आपापला ग्रंथ घेऊन उभे असतात, जवान त्यावर हात ठेवून शपथ घेतात. त्या रांगेत बायबलही असतं. एका मिझो सुभेदारसाहेबांना मी विचारलं होतं की शपथ घेताना मनात काय होतं. ते म्हणाले, शब्द दिला की दिला, साहेब, त्यात मनात काय असायचं.

पण याच ग्रंथातून दुसरं रक्तही निघू शकतं. 1959 च्या 'माउताम'मध्ये बांबूला फुलोरा आला, उंदीर वाढले, पिकं गेली, आणि मदत वेळेवर पुरेशी पोचली नाही. त्या रागातून 1961 मध्ये मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. 28 फेब्रुवारी 1966 च्या रात्री बंडखोरांनी आसाम रायफल्सच्या ठाण्यांवर हल्ले चढवले. त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन जेरिको'. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोची तटबंदी कोसळते आणि शहरातलं सगळं जिवंत मारलं जातं, ती गोष्ट. नव्या करारावर वाढलेल्या पोरांनी लढाईचं नाव मात्र जुन्यातून काढलं. आमच्या बाजूने 5 मार्चला ऐजॉलवर विमानं गेली. 1967 पासून गावं रिकामी करून लोकांना रस्त्याकडेच्या वसाहतींत हलवण्यात आलं. मी तोच गणवेश घालतो, म्हणून हे लिहिताना वाक्यं लहान होतात. त्या वसाहतींत राहिलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. चहा देतात. विषय आपण काढला नाही तर तेही काढत नाहीत.

वीस वर्षं मध्ये पडत राहिली ती चर्चमधली वडीलधारी मंडळी. 30 जून 1986 रोजी मिझो करारावर सह्या झाल्या. लालडेंगांच्या समोर केंद्राच्या वतीने सही करणारे गृहसचिव राम प्रधान हे मराठी, आणि तो त्यांच्या निवृत्तीचा दिवस होता. ईशान्येत सह्या झालेले कागद पुष्कळ आहेत, टिकलेले थोडे. हा टिकला. त्याचं एक कारण मला त्यातल्या कलमांत सापडत नाही, पुढच्या काही आठवड्यांत सापडतं. निवडून आलेले मुख्यमंत्री लालथनहॉला खुर्चीवरून उतरले, उपमुख्यमंत्री झाले आणि कालपर्यंत भूमिगत चळवळ चालवणारे लालडेंगा मुख्यमंत्री झाले. ज्याच्या हातात जास्त होतं त्याने आधी सोडलं.

यरीहोच्या गोष्टीत तटबंदीला लागून एक घर होतं. राहाब नावाच्या वेश्येचं. तिने इस्राएलच्या हेरांना लपवलं आणि बदल्यात घरच्यांच्या जिवाचं वचन मागितलं. हेरांनी शब्द दिला: खिडकीला किरमिजी दोरी बांध, ती दिसेल ते घर वाचेल. वल्हांडणाच्या रात्री चौकटीला लावलेल्या कोकराच्या रक्तासारखीच ही खूण. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंटने त्या दोरीत ख्रिस्ताचं रक्त पाहिलं. शहर पडलं, ते घर वाचलं. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली, तेव्हा त्यात बायकांची नावं मोजकीच घेतली. त्यातलं एक राहाबचं आहे.