म्हैसूरची प्रजाप्रतिनिधी सभा

इ. स. १८८१ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या उत्सवाला जोडून, म्हैसूर नगरीत १४४ प्रतिनिधींची एक सभा भरली. पन्नास वर्षांच्या इंग्रजी अंमलानंतर त्याच वर्षी मार्चमध्ये राज्य वाडियार घराण्याच्या हाती परत आले होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सुमारे एक पंचमांश प्रजा नाहीशी झाली होती. अशा वेळी दिवाण रंगाचार्लू यांनी तालुक्यातालुक्यांतून शेतकरी बोलावले, राज्याची स्थिती त्यांच्यापुढे मांडली आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकून घेतली.

या सभेला कायदे करण्याचा अधिकार नव्हता, कर नाकारण्याचाही नव्हता. सभासदही अधिकाऱ्यांनीच नेमलेले. उत्सवाचे दिवे विझताच ही चर्चाही विझेल, असे भाकीत कोणी केले असते, तर त्याला दोष देता आला नसता. १८८३ मध्ये खुद्द रंगाचार्लू निवर्तले. तरीही सभा १९४९ पर्यंत टिकली.

याचे मर्म काय? चर्चेचे आयुष्य पहिल्या दिवशीच्या गर्दीवरून मोजता येत नाही. बोलणाऱ्याला उत्तर मिळते की नाही आणि पुन्हा बोलण्याची वेळ नक्की आहे की नाही, हे पाहावे लागते. म्हैसुरात दसरा दरवर्षी येई, दिवाण कारभाराचा हिशेब सांगत आणि गाऱ्हाणी व त्यांवरील उत्तरे कामकाजाच्या छापील वृत्तांतात नोंदली जात. उत्तर नकाराचे असले, तरी पुढील वर्षी तोच प्रश्न अधिक नेटाने मांडण्यास ते पुरेसे होई.

अशा रीतीने चर्चेला अंकुर फुटत गेले. १८९१ पासून निवडणुकीने सभासद येऊ लागले. तंजावरच्या मराठी परंपरेतील व्ही. पी. माधवराव दिवाण असताना, १९०७ मध्ये, विधिमंडळ स्थापन झाले. १९२३ मध्ये सभेला कायद्याचा आधार मिळाला. नवे कर बसविण्यापूर्वी तिचे मत घेणे बंधनकारक झाले.

परंतु विचारावयास शिकलेली प्रजा केवळ उत्तरावर समाधान मानीत नाही. १९३८ मध्ये शिवपुरास सत्याग्रह झाला. १९४७ मध्ये जबाबदार राज्यपद्धतीसाठी ‘म्हैसूर चलो’ची हाक उठली आणि त्याच ऑक्टोबरात के. सी. रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. राजाने ऐकण्यासाठी उघडलेल्या दारातून प्रजा अखेर निर्णयाच्या आसनापर्यंत पोहोचली.