शेवटच्या भागाची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मालिकेतल्या कादंबरीचा शेवटचा भाग ही एक वेगळीच गोष्ट असते. पहिला भाग आपण सहज हाती घेतो, दुसरा ओढीने वाचतो. तिसऱ्याची मात्र वाट पाहावी लागते, आणि वाट पाहता पाहता वाचक मनातल्या मनात स्वतःचा एक शेवट तयार करून ठेवतो. मग लेखकाचा शेवट छापून येतो आणि दोघांचे भांडण जुंपते. या भांडणाचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे. तोही अशा पुस्तकांच्या निमित्ताने, जी आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या मुलामुलींच्या उशाशी पाहिली असतील, पण उघडून पाहिली नसतील.

साधारण २००८ ते २०१३ या काळात अमेरिकेत किशोरवयीन वाचकांसाठी कादंबऱ्यांची एक लाटच आली. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’, व्हेरोनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’, जेम्स डॅशनर यांची ‘मेझ रनर’, अ‍ॅली काँडी यांची ‘मॅच्ड’, लॉरेन ऑलिव्हर यांची ‘डिलिरियम’ ही त्यातली ठळक नावे. साचा थोडाफार सारखा. काळ भविष्यातला, राज्य जुलमी, नायिका सोळा-सतरा वर्षांची. एकीकडे तिचे प्रेम आणि दुसरीकडे राज्याविरुद्धचा लढा. अशा राज्याला इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात. आपण त्याला रामराज्याच्या नेमके उलट असलेले राज्य म्हणू. यातल्या बहुतेक मालिका तीन भागांच्या होत्या, आणि तिसरा भाग येईपर्यंत जगभरची मुले जीव मुठीत धरून बसलेली असत.

आमचे रहिमतपूर हे सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुक्यातले गाव. तिथे ही पुस्तके दुकानातून आली नाहीत. पुण्याला शिकायला गेलेली मुले सुट्टीत येताना एखादी प्रत घेऊन येत आणि मग ती प्रत घरोघरी फिरे. पहिला भाग हातोहात जाऊन पार खिळखिळा होई, दुसरा कुणाकडे तरी अडकून पडे आणि तिसरा गावात पोचतच नसे. मी शाळेत शिकवत होतो, त्यामुळे ‘सर, तुम्ही वाचलंय का? पुढं काय होतं?’ असे विचारणाऱ्या मुली भेटत. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून मी ही पुस्तके मिळवून वाचू लागलो.

त्यातल्या दोन मालिकांकडे मुलींचा विशेष ओढा होता. ‘मॅच्ड’मध्ये मुलगी सतरा वर्षांची झाली की तिचा जोडीदार सरकार ठरवते आणि समारंभात जाहीर करते. ‘डिलिरियम’मध्ये प्रेम हा रोग मानलेला आहे. अठराव्या वर्षी शस्त्रक्रिया करून तो काढून टाकतात आणि मग नेमून दिलेल्या मुलाशी लग्न लावतात. मी एकदा वर्गात म्हटले, की ही विज्ञानकथा आहे, म्हणजे पुढे असे घडू शकेल अशी कल्पना. तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘सर, ह्यात विज्ञान कुठंय? आमच्या घरी हेच चाललंय.’ वर्ग हसला. ती हसली नाही. बारावी झाल्यावर तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू होणार होते, आणि पत्रिका, जात, शेती, नोकरी हे सगळे जुळवणारी मंडळी घरातच होती. तिला शेवटचा भाग हवा होता, तो करमणुकीपुरता नव्हे. असे राज्य मोडते का आणि मोडणाऱ्या मुलीचे काय होते, हे तिला जाणून घ्यायचे होते.

शेवटाची अशी वाट पाहणे मात्र नवे नाही. फ्रेंच लेखक जूल व्हर्न यांची पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याची कादंबरी १८६५ साली आली. तोफेच्या गोळ्यात बसून तिघेजण उडाले, आणि ते चंद्राभोवती फिरत राहिले आहेत अशा ठिकाणी पुस्तक संपले! ते परत आले की नाही, हे सांगणारा दुसरा भाग यायला चार-पाच वर्षे गेली. ही चंद्राची सफर मराठीत आली ती ‘केरळकोकिळ’ मासिकातून, १९०० साली, क्रमशः. या मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये हे आमच्याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या टेंभूचे. ते कोचीनला राहून हे मराठी मासिक चालवीत. म्हणजे विज्ञानकथेचा पुढचा अंक कधी येतो म्हणून टपालाकडे डोळे लावून बसलेला मराठी वाचक सव्वाशे वर्षांपूर्वीही होता.

लेखकाच्या शेवटावर वाचक चिडल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १८९३ सालचे. कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मालिका संपवली. वाचकांनी संतापाची पत्रे धाडली, कित्येकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. अखेर दहा वर्षांनी, १९०३ साली, होम्स मेलाच नव्हता असे सांगून डॉइल यांना त्याला परत आणावे लागले.

आपल्याकडे मुलांच्या मालिकांवर असा प्रसंग फारसा आला नाही, कारण आपल्या मालिकांना शेवटचा भागच नसे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, वीस पुस्तकांत धावला, पण शाळकरीच राहिला. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार एका पुस्तकातून दुसऱ्यात जाई आणि तसाच ताजातवाना असे. जिथे नायकाचे वय वाढत नाही तिथे शेवटाची गरज पडत नाही. विज्ञानकथा आपल्याकडे जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी नावारूपाला आणली, पण तिचा मुख्य संसार मासिके आणि दिवाळी अंकांतला, एका बैठकीत संपणारा.

जुलमी राजवट, तिच्याशी झुंजणारे तरुण आणि त्यांचे प्रेम हे सारे मराठी किशोरांना मिळाले ते ऐतिहासिक कादंबरीत आणि नाटकात. तिथे एक सोय असते. राज्याचे पुढे काय होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. वसंत कानेटकर हे मूळचे आमच्या रहिमतपूरचे, त्यांचा जन्म इथला. त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली रंगभूमीवर आले. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांचे पुढे काय झाले हे प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही माहीत होते. तरी लोक खिळून बसत, कारण बाप-लेकांच्या मनात काय चालले आहे ते पाहायचे असे. भविष्यकाळातल्या कादंबरीला ही सोय नाही. राज्य पडेल का, हेही ठाऊक नाही आणि प्रेम टिकेल का, हेही नाही. दोन्ही हुंड्या शेवटच्या पुस्तकातच वटवायच्या असतात. म्हणून या मालिकांचा शेवट इतका अवघड होऊन बसतो.

मराठीत या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारे पुस्तक शोधले तर मला ते भविष्यात नव्हे, १८९० सालात सापडते. हरिभाऊ आपट्यांनी त्या वर्षी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ क्रमशः छापली. एक मुलगी स्वतः आपली कहाणी सांगते, तिच्याभोवतीचे जग तिच्या आयुष्याचा प्रत्येक निर्णय परस्पर घेते, नवऱ्याच्या सहवासात तिला थोडे मोकळे आकाश दिसते आणि तो मरताच ते मिटते. कादंबरी चालू असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे संमतिवय दहावरून बारा झाले आणि एवढ्यावरून महाराष्ट्रात रण पेटले. यमूचे बळजबरीने केशवपन होते आणि अखेर ती मरते. हरिभाऊंना तिला सुखी करणे अवघड नव्हते, लेखणी त्यांच्याच हातात होती. पण बाहेरच्या जगात यमूला जे मिळत नव्हते ते पुस्तकात दिले असते, तर वाचक डोळे पुसून सुखाने झोपला असता.

आता २०१० कडे येऊ. इतिहास सांगायचा तर शेवट झाकून चालत नाही, तेव्हा ज्यांची पुस्तके वाचायची राहिली आहेत त्यांची आधीच क्षमा मागतो. ऑगस्ट २०१० मध्ये ‘हंगर गेम्स’चा शेवटचा भाग ‘मॉकिंगजे’ आला. कॉलिन्स यांचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते आणि युद्धाचा इतिहास शिकवीत. ते संस्कार या शेवटात दिसतात. जिला वाचवण्यासाठी नायिका कॅटनिस पहिल्या भागात स्वतःहून मरणाच्या खेळात उतरली, ती धाकटी बहीणच बॉम्बस्फोटात मरते. आणि तो बॉम्ब आपल्याच बाजूच्या बंडखोरांचा असावा, असा दाट संशय उरतो. कॅटनिसचा अखेरचा बाण जुन्या हुकूमशहाला लागत नाही, तो बंडाच्या पुढारी बाईंना लागतो. एक जुलमी जाऊन दुसरा येऊ नये, एवढेच तिला साधते. तिला घर मिळते, पीटा मिळतो, मुलेही होतात, पण रात्रीची दुःस्वप्ने थांबत नाहीत.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘डायव्हर्जंट’चा शेवट ‘अ‍ॅलिजंट’ आला आणि वाचकांवर वीज कोसळली. आधीचे दोन भाग ट्रिस या मुलीने स्वतः सांगितलेले. तिसऱ्यात एक प्रकरण ट्रिसचे, तर एक तिच्या प्रियकराचे. असे का, हे पुस्तक संपता संपता कळते. ट्रिस मरते, आणि उरलेली गोष्ट सांगायला दुसरे कुणीतरी लागते. रॉथ तेव्हा जेमतेम पंचविशीच्या. वाचकांच्या रागाला त्यांनी सविस्तर उत्तर दिले, पण होम्ससारखे ट्रिसला उठवून बसवले नाही.

‘मॅच्ड’चा शेवट २०१२ मध्ये ‘रीच्ड’ नावाने आला. त्यात नायिकेला तिने स्वतः निवडलेला मुलगा मिळतो आणि समाजाला मत देण्याचा हक्क. ‘डिलिरियम’चा शेवटचा भाग ‘रेक्विएम’ २०१३ चा. त्यात निम्मी कहाणी हॅना या मैत्रिणीची आहे. तिने शस्त्रक्रिया करून घेतली आहे आणि तिचे लग्न ठरले आहे. शेवटी शहराभोवतीची भिंत लोक हातांनी पाडू लागतात आणि तिथेच पुस्तक थांबते. नायिका आणि तिचे प्रेम यांचे पुढे काय, याचा पक्का हिशेब मिळत नाही. अनेकांना हा शेवट अर्धवट वाटला. आमच्याकडच्या मुलींनी मात्र हॅनाचीच चौकशी जास्त केली.

दरम्यान बाजाराला एक शोध लागला, की शेवट लांबवला तर दोनदा विकता येतो. ‘मॉकिंगजे’चे २०१४ आणि २०१५ असे दोन चित्रपट निघाले. ‘अ‍ॅलिजंट’चेही दोन करायचे ठरले. पहिला २०१६ मध्ये पडला आणि दुसरा निघालाच नाही. पडद्यावरची ती मालिका आजही शेवटावाचून लोंबकळते आहे. तिकडे कॉलिन्स यांनी आधीच्या काळातल्या गोष्टी सांगणारी आणखी दोन पुस्तके २०२० आणि २०२५ साली आणली. मूळ शेवटाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

तो शेवट मुलांनी किती गांभीर्याने घेतला, हे थायलंडमध्ये दिसले. २०१४ साली तिथे लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा तरुणांनी निषेध म्हणून ‘हंगर गेम्स’मधली तीन बोटे उंचावण्याची खूण उचलली. ती केली म्हणून विद्यार्थ्यांची धरपकड झाली. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवर तीच खूण दिसली. तिथल्या मुलांच्या गोष्टीचा शेवटचा भाग कुणी छापून ठेवलेला नव्हता.

या सगळ्या शेवटांकडे पाहून मला एक गोष्ट पटली आहे. मुलांना गोड शेवट हवा असतो, ही मोठ्या माणसांची समजूत आहे. मुलांना खरा हिशेब हवा असतो. अन्याय मोडायला निघालेल्या मुलीला काय किंमत मोजावी लागते, ती कोण मोजते आणि मोजून काय हाती येते, हे त्यांना कुणीतरी न लपवता सांगायला हवे असते. हरिभाऊंनी ते १८९० च्या दशकात सांगितले, कॉलिन्स आणि रॉथ यांनी एकविसाव्या शतकात.

घाई मात्र नसावी. अमेरिकेच्याच लोइस लोरी यांनी १९९३ साली ‘द गिव्हर’ लिहिली. एक मुलगा तान्ह्या बाळाला घेऊन जुलमी गावातून पळतो, बर्फात घसरगाडीवर बसतो आणि दूर दिवे दिसतात. ते जगले की मेले, हे पुस्तक स्पष्ट सांगत नाही. त्या चार पुस्तकांच्या मालिकेचा शेवटचा भाग ‘सन’ आला तो २०१२ मध्ये. त्यात गोष्ट आहे ती बाळ हिरावून घेतलेल्या आईची. आपल्या मुलाला शोधत ती निघते. पहिले पुस्तक शाळेत वाचलेल्या मुली तोवर स्वतः आया झाल्या होत्या.

तुमच्या घरातली मुलगी असे एखादे पुस्तक वाचत असेल, तर तिसरा भाग तिला जरूर आणून द्या. आणि तो वाचून झाल्यावर ती काय म्हणते, ते शेजारी बसून ऐका. आपल्या घरातल्या कुठल्या नियमाबद्दल ती बोलते आहे, ते ऐकताना कळेल.